गर्भधातू आणि वज्रधातू: जपानी मंडलचित्रांचा धर्मार्थ

वास्तुशांतीच्या दिवशी हिंगोली, औंढा वा वसमतच्या एखाद्या घरी गुरुजी चौरंगावर रंगीत अक्षतांचे सर्वतोभद्र मंडल मांडतात, मध्यभागी ब्रह्मदेवाचे आणि सभोवार इंद्र, अग्नी, यम, वरुण आदी लोकपालांचे आवाहन करतात, व कार्य सिद्धीस गेल्यावर ते मंडल विसर्जित होते. याच कुळातील कल्पना जपानच्या शिंगोन पंथाने रेशमी पटावर चिरस्थायी करून बाराशे वर्षे उपासिली आहे.

तिचा एक दुवा आपल्या मराठवाड्यातच आहे. वेरूळच्या बाराव्या, म्हणजे ‘तीन ताल’ लेण्यात नऊ चौकटींच्या शिल्पपटात मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व कोरलेले आहेत. ही लेणी ज्या आठव्या शतकात घडत होती, त्याच शतकात नालंदेत अध्ययन केलेल्या शुभकरसिंहांनी चीनमध्ये महावैरोचन सूत्राचे भाषांतर सिद्ध केले. पुढे 804 साली कूकाई हा जपानी भिक्षू चीनला गेला, चांगआन नगरीत आचार्य हुइग्वो यांच्याकडून दीक्षा घेऊन व मंडलपट बरोबर घेऊन 806 साली परतला, आणि 823 साली सम्राटाच्या हुकुमाने क्योतोचे तोजी मंदिर त्याच्या स्वाधीन झाले.

हे पट जोडीने असतात. गर्भधातू मंडलात अष्टदल रक्तकमळाच्या मध्यावर महावैरोचन बुद्ध विराजमान असून त्याची करुणा 400हून अधिक देवतांच्या रूपाने बाहेर विस्तारत जाते. वज्रधातू मंडलात नऊ चौकोनांतील 1,461 देवतांतून त्याचे अभेद्य ज्ञान प्रकट होते. पहिला पट पूर्वेस, दुसरा पश्चिमेस लावतात, आणि मध्ये बसलेल्या साधकाने करुणा व ज्ञान यांचे अद्वैत स्वतःच्या ठायी जाणावे, अशी ही योजना आहे. दीक्षेच्या वेळी डोळे बांधून शिष्य मंडलावर फूल टाकतो व ते ज्या देवतेवर पडेल ती त्याची इष्टदेवता ठरते. कूकाईचे फूल दोन्ही वेळा महावैरोचनावरच पडले, अशी परंपरा सांगते.

गर्भधातूच्या बाह्य कोटात आपले इंद्र, अग्नी, यम, वरुण, किंबहुना विनायकही, आपापल्या दिशा राखून आहेत. त्यांना केवळ द्वारपाल समजणे मात्र अपुरे आहे. केंद्रापासून सर्वाधिक दूर बसलेली देवताही महावैरोचनाचेच रूप होय, आणि म्हणूनच कडेला उभ्या असलेल्या सामान्य साधकालाही केंद्राचा अधिकार आहे, हा या चित्रांचा खरा उपदेश आहे.