सायकल काढा, वळसंगच्या विहिरीपर्यंत जाऊ या

आरोग्य पान



मधुमेह आणि रक्तदाब हे आता फक्त बंगल्यात राहणाऱ्यांचे आजार राहिलेले नाहीत. आपल्या वस्तीतल्या घराघरांत गोळ्यांच्या पट्ट्या दिसतात. आपली माणसं कष्ट करत नाहीत असं नाही. पण कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा. विड्या वळणारी बहीण सकाळपासून मान खाली घालून एका जागी बसते. यंत्रमागावरचा भाऊ रात्रभर एका जागी उभा राहतो. शरीर दमतं, पण हृदयाला आणि फुप्फुसांना जी चालना हवी ती मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. गिरणीच्या भोंग्याच्या काळात सोलापूरचा कामगार सायकलवर कामाला जायचा. ती सायकल अजून अनेक घरांत जिन्याखाली धूळ खात पडली आहे. सायकल चालवताना अंगाचा भार सीटवर येतो, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी होतो. मांडीचे मोठे स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर वापरली जाते. तथागतांनी आरोग्याला सर्वात मोठा लाभ म्हटलं आहे. हा लाभ पंक्चरच्या खर्चात मिळतो.

नुसता व्यायाम म्हटलं की चार दिवसांत कंटाळा येतो. म्हणून आम्ही इथे तीन वाटा सुचवतो.

पहिली वाट : हिप्परगा तलाव

सुरुवात इथून करावी. शहरापासून साधारण 10 किलोमीटरवर, तुळजापूर रस्त्याच्या बाजूला हा तलाव आहे. कागदोपत्री त्याचं नाव एकरुख. 1871 मध्ये बांधून झालेल्या या तलावाचं पाणी आजही सोलापूरच्या नळांना येतं. हिवाळ्यात इथे पाहुणे पक्षी उतरतात. जाऊन-येऊन 20 किलोमीटर, म्हणजे सवय नसलेल्यालाही थांबत-थांबत दोन तासांत जमेल. तुळजापूर रस्त्यावर वाहनं फार असतात, म्हणून पहाटे उजाडताच निघा आणि शक्य तिथे बाजूचा सेवारस्ता धरा.

दुसरी वाट : कुंभारीवरून वळसंग

ही आपली खरी वाट. अक्कलकोट रस्त्याने निघालं की आधी कुंभारी लागतं. विडी कामगार महिलांनी लढून मिळवलेली गोदूताई परुळेकर वसाहत इथेच आहे. तिथे पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे आणि पुढे निघायचं. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना शाळू उभा असतो. सोलापूरहून सुमारे 25 किलोमीटरवर वळसंग येतं.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. त्यानंतर दहा वर्षांनी, एप्रिल 1937 मध्ये, बाबासाहेब वळसंगला आले होते. गावच्या पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या आपल्या माणसांनी स्वतः कष्ट करून विहीर खणली होती. त्या विहिरीचं पाणी बाबासाहेब प्यायले. महाडला जाणं प्रत्येकाला परवडत नाही, पण वळसंग आपल्या उंबऱ्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. मुलांना सोबत न्या. पाण्याची बाटली हातात घेऊन त्या विहिरीपाशी उभं राहिल्यावर मुलांना जे समजतं, ते आपण घरी कितीही सांगितलं तरी समजत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगा. याच रस्त्यांवरून आपले पणजोबा धावत होते, पण स्वतःच्या मर्जीने नव्हे. सरकारी टपाल, पाटलाचा निरोप, कुणाच्या मयताची खबर घेऊन महाराने ऊन-पाऊस न बघता गावोगाव जायचं, असा वतनाचा जाच होता. तो मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. आज त्याच वाटेने आपण आपल्या मर्जीने, आपल्या सायकलवर, आपल्या तब्येतीसाठी जातो. हे छोटं नाही.

तिसरी वाट : हत्तरसंग कुडल

महिना-दोन महिने सराव झाल्यावरच ही वाट धरा. विजयपूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे जाऊन आत वळायचं. एका बाजूचं अंतर सुमारे 40 किलोमीटर. इथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. इथल्या जुन्या देवळात शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. पूजेसाठी जायचं नाही, तर आपली भाषा हजार वर्षांपूर्वी दगडावर कशी कोरली गेली ते बघायला जायचं. एका दमात परत येणं जमत नसेल तर तिथे भाकरी खाऊन, दोन तास सावलीत थांबून निघा.

निघण्यापूर्वी

- वय 30 च्या पुढे असेल तर आधी सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते. हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब जाऊ नका.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात गुळाचा खडा ठेवावा. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच थांबून तो खावा.
- पेडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. तेवढी सीटची उंची बरोबर. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात.
- सायकल चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा.
- एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्या. मधुमेह असणाऱ्यांनी साधं पाणी न्यावं.
- कारखान्यांच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे चिकटून किंवा दोन ट्रॉल्यांच्या जवळून जाऊ नका. डाव्या बाजूने एकामागे एक चाला. मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट हवंच.
- छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबा.

सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांच्या पुढे जातो. म्हणून लांबच्या वाटा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी परत या.

भगिनींसाठी

मुलीला शाळेसाठी घेतलेली सायकल दहावीनंतर भावाकडे जाते, आणि आईने तर ती कधी धरलेलीच नसते. हे बदलायला हवं. साडीवर जमत नसेल तर सलवार-कमीज घाला. शिकायचं वय गेलं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. विहाराच्या मोकळ्या जागेत चार संध्याकाळ सराव केला तरी तोल येतो. विडीचं सूप बाजूला ठेवल्यावर पंधरा मिनिटांची फेरीसुद्धा आखडलेल्या पाठीला आराम देते.

एकट्याने सुरू केलेलं लवकर बंद पडतं. म्हणून आमचं सुचवणं असं : रविवारच्या वंदनेनंतर विहारातून पाच-सहा जणांनी मिळून निघावं. ज्याच्याकडे सायकल नाही त्याला एक रविवार आड आपली द्यावी. मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून एक हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान विहारात ठेवावं. 4 जानेवारी 1925 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडलं, ते आपली मुलं शिकावीत म्हणून. शिकलेली माणसं पन्नाशीत आजाराने खाली बसू नयेत, ही काळजी आता आपण घ्यायची आहे.

पहिला रविवार हिप्परग्याचा. वळसंग थंडीत.

जय भीम!