गायतोंडे यांचे रंग आणि दालनाचा हिशेब

डिसेंबर 2013 मध्ये मुंबईत झालेल्या क्रिस्टीजच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांच्या 1979 सालच्या एका चित्रास सुमारे 23 कोटी 70 लाख रुपये आले. चित्रकारास दिवंगत होऊन तेव्हा बारा वर्षे लोटली होती.

1924 मध्ये नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे पुढे दिल्लीतील निजामुद्दीन भागात एकांतात राहिले. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. त्याआधीचा चिंतनाचा काळ त्याहून मोठा. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. ओढा झेन विचाराकडे. तथापि जैन वाचकास या राहणीत अपरिग्रहच दिसावा.

असा कलावंत गिऱ्हाईक शोधीत हिंडणार नाही. 1963 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पंडोल आर्ट गॅलरीने त्यांची चित्रे रसिकांपुढे मांडली. दालने साधारणतः विक्रीचा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम घेतात. व्यापारी घराण्यांना यात वावगे वाटू नये. चित्र न खपल्यास जागेचे भाडे दालनाच्याच माथी असते.

खरा प्रश्न पुनर्विक्रीचा. कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 53अ नुसार मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास चित्रकारास वा वारसांस हिस्सा मागता येतो. कमाल मर्यादा दहा टक्के. वरील किमतीवर तो दोन कोटींपलीकडे जातो! परंतु तो आपोआप हाती पडत नाही. चित्रे विकत घेणाऱ्या कुटुंबांनी पावतीवर चित्रकाराचे नाव, चित्राचे साल आणि पत्ता लिहून घ्यावा, म्हणजे पुढे विकताना हिस्सा कोणाकडे पोहोचवायचा हे मुलांना ठाऊक राहील.