खारे सोयरे : चौकोनी पेशीचे दोन शोध

उरणच्या एका शिक्षक वाचकांचा प्रश्न मनातून जाईना. ते विचारतात, “आमच्या मिठागराच्या लाल पाण्यात एखादा जीव सापडला, तर तो नवाच आहे हे ठरवतं कोण? जगभरातल्या मिठागरांत काय आहे, हे एकाच माणसाला कसं माहीत असणार?”

एका माणसाला ते माहीत नसतेच. ते कसे जमते, हे माझ्या सर्वांत आवडत्या जीवाच्या गोष्टीतून सांगतो.

अँथनी वॉल्सबी हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ. पेशीला तरंगत ठेवणाऱ्या वायुपुटिकांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्या शोधात सिनाईच्या किनाऱ्यावरच्या एका खाऱ्या डबक्याचे पाणी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घातले, तर त्यात चक्क चौकोन तरंगत होते. कडा सरळ, कोपरे काटकोनी, रुंदी 2 ते 5 मायक्रोमीटर आणि जाडी त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. इतकी पातळ पेशी एरवी नजरेतून निसटलीच असती. वायुपुटिका चमकल्या म्हणून ती दिसली. 1980 साली ‘नेचर’मध्ये वॉल्सबींनी तिची माहिती दिली.

पुढे पंचाईत झाली. पेशी डोळ्यांना दिसे, पण प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना. वाढत नाही तोवर नियमाप्रमाणे नाव देता येत नाही. दरम्यान स्पेनमध्ये आलिकांतेजवळच्या सांता पोला मिठागरात संशोधकांना पाण्यातून थेट एक जनुक मिळाले. ते तिथे भरपूर होते, पण कोणत्या जीवाचे, हे कळत नव्हते. म्हणजे एकीकडे जनुक नसलेली पेशी आणि दुसरीकडे पेशी नसलेले जनुक! 1999 मध्ये आलिकांते आणि जर्मनीतल्या ब्रेमेनच्या संशोधकांनी मिळून त्या जनुकाला नेमके चिकटणारे चमकते रेणू मिठागराच्या पाण्यात सोडले. चौकोन उजळले. दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच निघाले, आणि त्यासाठी मिठागराची जाण असणारे आणि रेणूंची जाण असणारे एकत्र यावे लागले.

मग 2004 साल उजाडले आणि हा हट्टी जीव एकाच वर्षी दोन ठिकाणी वाढला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या हेंक बोल्हाउस यांच्या गटाने तो सांता पोलाच्या पाण्यातून वाढवला, तर मेलबर्नच्या माइक डायल-स्मिथ यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या मिठागरातून. मेलबर्नकरांची युक्ती मला फार शिकवून गेली. त्यांनी खुराक वाढवला नाही, उलट कमी केला. पाणी इतके विरळ करत नेले की एखाद्या नळीत एखादीच पेशी यावी, आणि मग आठवडेच्या आठवडे थांबले. भरपूर खुराकात भराभर वाढणारे शेजारी या संथ जीवाला मागे टाकतात, हे त्यामागचे कारण.

दोघांचा शोध एकच, तेव्हा श्रेयावरून तंटा सहज पेटला असता. तसे झाले नाही. 2007 मध्ये दोन्ही गटांनी जपानी सहकाऱ्यांना सोबत घेऊन एकच लेख लिहिला आणि जीवाचे नाव ठेवले हॅलोक्वाड्रॅटम वॉल्सबी. नामकरणाचा नियमही असा आहे, की नमुना वाण, म्हणजे ज्याच्यावरून नाव दिले ते वाण, किमान दोन वेगळ्या देशांच्या संग्रहांत ठेवावे लागते. या चौकोनाचे वाण जर्मनीत आहे आणि जपानमध्येही. नवेपणाचा दावा कोणालाही तपासता यावा, म्हणून ही तजवीज. पुढे स्पेनच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या अशा दोन्ही वाणांचे जनुकसंच शेजारी ठेवले, तेव्हा पृथ्वीच्या दोन टोकांची ही भावंडे थक्क करण्याइतकी सारखी निघाली. दोन्ही गटांनी वाणे खुली ठेवली, म्हणूनच ही तुलना होऊ शकली.

डायल-स्मिथ यांचे आणखी एक काम मला तितकेच मोलाचे वाटते. खारप्रेमी जीवांवर काम करणाऱ्यांच्या कृती गोळा करून त्यांनी ‘हॅलोहँडबुक’ तयार केले आणि सर्वांना मोफत दिले. खाऱ्या पाण्याच्या मूळ द्रावणात लिटरमागे 240 ग्रॅम मीठ, मग मॅग्नेशियमचे क्षार किती, पोटॅशियमचे किती, असे सगळे त्यात मांडलेले आहे. सगळ्यांचे पाणी एकाच मापाचे असेल, तरच एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता येतो.

तेव्हा गुरुजी, तुमच्या लाल पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहा. मात्र तो साध्या पाण्याने पातळ करू नका, या पेशी फुटतात. चौकोन दिसले, तर जवळच्या विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नमुना घेऊन जा. कृती छापलेली आहे, तुलनेसाठी मूळ वाण मागवता येते. फक्त महिनाभर नळी स्वच्छ दिसली, म्हणून ती कोणी ओतून देणार नाही, एवढे पाहा.