गुरूच्या अंगणातले चौघे

पवनारला धाम नदीच्या घाटावरून साध्या दुर्बिणीने गुरू पाहिला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. हे गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेले चार मोठे चंद्र. त्यांच्याही आत, थेट गुरूच्या उंबरठ्यापाशी, आणखी चौघे धावत असतात : मेटिस, अ‍ॅड्रास्टिया, अमाल्थिया आणि थीबी. गुरूच्या झगझगाटात ते हरवून जातात. अमाल्थिया अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत बर्नार्डने 1892 मध्ये टिपला. नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून पाहून सापडलेला हा शेवटचा चंद्र, आणि मला हे फार मोठे काम वाटते. उरलेले तिघे 1979 मध्ये व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांत सापडले.

अमाल्थिया बटाट्यासारखा वेडावाकडा, सुमारे 250 किलोमीटर लांब, रंगाने तांबूस. घनता पाण्याहूनही कमी, म्हणजे आतून तो भुसभुशीतच असणार. गुरूच्या केंद्रापासून तो 1,81,000 किलोमीटरवर, आपल्या चंद्राच्या निम्म्याहून कमी अंतरावर. आपला चंद्र एका फेरीला 27 दिवस घेतो, हा 12 तासही घेत नाही! गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या 318 पट, तेव्हा एवढ्या जवळ टिकायचे तर असेच पळावे लागते.

मेटिस आणि अ‍ॅड्रास्टिया तर सात तासांत फेरी संपवतात. गुरूला स्वतःभोवती फिरायला जवळपास दहा तास लागतात, म्हणून त्याच्या ढगांवरून पाहिले तर हे दोघे पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसतील. उल्कांच्या माऱ्याने या चौघांवरून उडालेली धूळच गुरूची पुसट कडी भरत राहते.