खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची?

कोंबडी खुडूक झाली हे ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. ती टोपलीतून उठत नाही, हात जवळ नेला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते आणि खालची अंडी काढून घेतली तरी रिकाम्या जागेवर तशीच बसून राहते. मग घरात प्रश्न येतो: हिला बसवू, की उठवू?

पीएचडीच्या कामासाठी परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांत जाते तेव्हा मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारला जातो. विचारणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, कारण अंड्या-कोंबड्यांचे पैसे तिच्या हातात येतात. त्या पैशातून वही येते, तेल येतं, एसटीचं तिकीट निघतं. म्हणून आज याच प्रश्नाभोवती संशोधन काय सांगतं ते बघू.

आधी हिशोब. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते, आणि तीही तीन-चार टप्प्यांत. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. बसवली तर २१ दिवस अंड्यांवर, नंतर दोन-अडीच महिने पिल्लांमागे. म्हणजे एकदा बसवणं हा जवळजवळ तीन महिन्यांचा व्यवहार आहे आणि त्या काळात ती एकही अंडं देत नाही. बारा पिल्लं निघून आठ-नऊ मोठी झाली तर व्यवहार उत्तम. पण निघालेल्या बारांपैकी घार, मुंगूस, मांजर, पाऊस आणि मानमोडी यांनी मिळून दोनच शिल्लक ठेवली तर तीन महिने गेले, पिल्लं गेली आणि विकता आली असती ती अंडीही गेली. दुसरा प्रकार पुष्कळ घरांत घडतो. त्यामुळे ‘बसवू का’ विचारणाऱ्याला माझा उलट प्रश्न असतो: पिल्लं निघाल्यावर पहिला महिना त्यांच्याकडे बघायला घरात कुणी आहे का?

आता कोंबडीच्या शरीरात काय चाललेलं असतं ते बघू, कारण उठवायचं असो की बसवायचं, उपाय तिथूनच निघतो.

मेंदूच्या खाली असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं. सस्तन प्राण्यांत दूध येण्याशी ज्याचा संबंध आहे, तेच हे. पक्ष्यांना दूध नाही, पण अंड्यांवर बसण्याच्या काळात त्यांच्या रक्तात हेच प्रोलॅक्टिन चढतं. ते चढलं की अंडाशय आकसतं, अंडी थांबतात, छाती-पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिथल्या रक्तवाहिन्या वाढतात. हात लावून बघा, तो भाग चांगलाच गरम लागतो. प्रोलॅक्टिन सोडायचा हुकूम मेंदूतल्या ज्या प्रथिनाच्या तुकड्याकडून येतो, त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप व्हीआयपी असं होतं. खुडूक कोंबडीचा रुबाब पाहता नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. या व्हीआयपीविरुद्ध लस टोचून त्याचं काम अडवलं, तर कोंबड्या खुडूक होत नाहीत किंवा बसलेल्या उठतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

आपल्या कामाचा मुद्दा पुढेच आहे. हे चक्र चालू राहतं ते स्पर्शामुळे. उघड्या कातडीला खालचं अंडं, गवत, टोपलीचा ऊबदार तळ लागतो, तो निरोप मेंदूकडे जातो आणि प्रोलॅक्टिन चढतं राहतं. घरट्यापासून दूर केली की ते एक-दोन दिवसांत उतरायला लागतं.

म्हणून उठवायची असेल तर तिच्या पोटाखालचा मऊ, ऊबदार, अंधारा तळ काढून घ्या. जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. उजेडात ठेवा, दाणापाणी भरपूर द्या, शक्य असेल तर सोबत कोंबडा सोडा. तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या नाद सोडतात आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत अंड्यावर येतात. खुडूक झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरुवात केली तर लवकर जमतं. आठ-दहा दिवस बसू देऊन मग उठवायला गेलात तर जास्त वेळ लागतो.

अनेक गावांत नाकपुडीतून पीस आरपार घालतात, पाय बांधून ठेवतात, बादलीत बुडवतात. नाकातलं पीस कोंबडीला बेचैन करतं, तिला नीट बसू देत नाही, म्हणून कधी कधी ‘लागू पडतं’ असं वाटतं. पण जखम होते, जंतुसंसर्ग होतो आणि जे काम साध्या जाळीने होतं त्यासाठी हा त्रास कशाला? मला तरी ही पद्धत बंद व्हावी असंच वाटतं.

बसवायचं ठरवलंत तर गोष्ट अंड्यांपासून सुरू होते. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी शक्यतो घेऊ नका. उन्हाळ्यात तर त्याहून ताजी बघा. साधारण २१ अंशांच्या वर तापमान गेलं की अंड्यातला गर्भ थोडा थोडा वाढू लागतो. एप्रिल-मेच्या घरात ३८-४० अंशांत ठेवलेलं अंडं धड उबत नाही आणि धड थांबतही नाही, आतला गर्भ अर्धवट वाढून मरतो. उन्हाळ्यात बसवलेली अंडी ‘खराब निघतात’ त्यामागे हे एक मोठं कारण आहे. बिचाऱ्या कोंबडीला दोष देऊन उपयोग नाही. रुंद तोंडाच्या मडक्यात ओली वाळू, वर गोणपाट आणि त्यावर अंडी, हे मडकं घरातल्या गार कोपऱ्यात ठेवलं की बराच फरक पडतो. अंडी धुऊ नका, कवचावरचा पातळ थर जंतूंना अडवतो. कोंबडीच्या अंगाखाली मावतील तेवढीच, दहा-बारा ठेवा. सगळ्यांवर पेन्सिलीने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या गुपचूप येऊन त्याच टोपलीत अंडी घालून जातात आणि मग कोणतं कधीचं याचा मेळ लागत नाही.

बसलेली कोंबडी खात नाही, म्हणून घरात काळजी सुरू होते. डेव्हिड शेरी, निकोलस म्रोसोव्स्की आणि जेरी होगन या संशोधकांनी १९८० साली रानकोंबड्यांवर केलेलं काम मला फार आवडतं. बसलेल्या माद्या नेहमीच्या मानाने फारच थोडं खातात आणि त्यांचं वजन घटत जातं. अंडी सोडून जाता येत नाही म्हणून उपाशी राहत असतील, असं आपल्याला वाटेल. पण दाणे अगदी घरट्याशी ठेवले तरी वजन घटतंच. म्हणजे त्या काळात शरीराची ‘योग्य वजना’ची रेघच खाली सरकते आणि भूक त्या रेघेप्रमाणे चालते. तेव्हा बळजबरीने भरवू नका. दिवसातून एकदा ती स्वतः उठेल, पंधरा-वीस मिनिटांत खाईल, पिईल, भली मोठी घाण वास मारणारी विष्ठा टाकेल, राखेत लोळेल आणि परत येईल. त्या वीस मिनिटांत दाणा, पाणी आणि कोरडी राख तिला जवळ मिळाली की झालं. राख महत्त्वाची, कारण २१ दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा फार माजतात. एखादी उठतच नसेल तर दिवसातून एकदा हाताने उचलून बाहेर ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, ते बघा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन तारखा लिहून ठेवा: बसवल्याची, सातव्या-आठव्या दिवसाची आणि एकविसाव्या दिवसाची. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या जाड टोकाला लावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडं आरपार स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत घरटं कमीत कमी हलवा. या दिवसांत अंड्यातलं पिल्लू आवाज करू लागतं आणि कोंबडी त्याला प्रतिसाद देते. टुकुलेस्कू आणि ग्रिसवोल्ड यांनी १९८३ साली हे संवाद नोंदवले: आतून त्रासाचा आवाज आला की कोंबडी बोलते किंवा जागच्या जागी हलते. म्हणजे आई-पिल्लांची ओळख कवच फुटायच्या आधीच सुरू झालेली असते. कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा तास, कधी चोवीस तासही लागतात. हा वेळ बघवत नाही, कबूल. पण नखाने कवच सोलायला जाऊ नका. आतल्या पडद्यात अजून रक्त खेळत असतं आणि पिवळा बलक पोटात ओढून घ्यायचं काम पूर्ण झालेलं नसतं. हाच बलक त्याची पहिली शिदोरी असते. तिच्यावर ते दोन दिवस दाण्याशिवाय काढू शकतं, म्हणून उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी कोंबडी थांबू शकते.

पिल्लं खाली उतरली की सगळ्यात नाजूक काळ येतो. पहिले आठ-दहा दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. बल्ब लावून वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ठेवावे लागतात आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवावे लागतात. कोंबडी हे वीजबिलाशिवाय करते, आणि तेही प्रत्येक पिल्लाला हवं तेव्हा. पिल्लू बाहेर येतं, चरतं, गारठलं की पंखाखाली घुसतं.

ती शिकवते सुद्धा, आणि हे नुसतं भाबडं बोलणं नाही. ब्रिस्टल विद्यापीठात क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप यांनी १९९६ साली छान प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांना आधी एका रंगाचा दाणा चांगला आणि दुसऱ्या रंगाचा कडू, हे शिकवलं. मग आपली पिल्लं त्या ‘कडू’ रंगाचं खाताहेत असं त्यांना दिसेल अशी मांडणी केली. कोंबड्यांनी पिल्लांना हाकललं नाही. त्यांनी चांगल्या दाण्याजवळ उकरणं आणि चोच आपटणं वाढवलं, जणू ‘अरे, इकडे या’. त्याच विद्यापीठात जोआन एडगर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला. झोत पिल्लांना, पण हृदयाचे ठोके वाढले ते बघणाऱ्या आईचे. आकाशातल्या शिकाऱ्यासाठी आणि जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी कोंबड्यांच्या जातीत वेगवेगळे इशारे असतात, हे एव्हान्स आणि मार्लर यांच्या १९९३ च्या कामातून पक्कं झालं. अंगणात कोंबडी एकदम ओरडली आणि पिल्लं आडोशाला पळून दबली तर वर बघा, घार असेल.

पण ओरडण्यापलीकडे घारीपुढे तिचं फार चालत नाही. छप्पर आपणच द्यायचं. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशात ठेवा, आई सोबत. रात्री खुराडं घट्ट बंद करा, कारण मुंगसाला फार मोठी फट लागत नाही. पाण्याची ताटली उथळ असू द्या आणि तीत खडे टाका, पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात. खाली ओल साचू देऊ नका. ओलीतून रक्ती हगवण येते. मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा. कुपीत बऱ्याच पिल्लांचे डोस असतात, म्हणून चार घरांनी मिळून दिवस ठरवला तर सोपं जातं.

दाण्याची गंमत अशी की कणी किंवा मक्याचा भरडा टाकला की मोठ्या कोंबड्या येऊन फस्त करतात. म्हणून उलट्या टोपलीला पिल्लू जाईल पण कोंबडी जाणार नाही एवढी भोकं ठेवा आणि पिल्लांचा दाणा तिच्याखाली ठेवा. नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही, त्याला प्रथिनं लागतात. शेताच्या बांधावरची वाळवी आणून टाकणाऱ्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे.

शेवटी एक युक्ती, कारण यावर हमखास विचारणा होते. सरकारी उबवणी केंद्रातून आणलेली गिरिराज किंवा वनराजची एक दिवसाची पिल्लं खुडूक कोंबडीखाली चालतात का? चालतात, पण पिल्लं दिवस-दोन दिवसांचीच हवीत, कारण आई कोण हे ती याच काळात मनावर ठसवून घेतात. कोंबडीही पंधरा-वीस दिवस बसलेली हवी. रात्री पूर्ण अंधार झाल्यावर एकेक अंडं काढून त्या जागी एकेक पिल्लू सरकवा, बॅटरी लावू नका, आवाज करू नका. सकाळी उजाडायच्या आत मात्र तिथे हजर राहा. ती कुक्-कुक् करत असेल तर जमलं. चोच मारत असेल तर पिल्लं लगेच उचला आणि बल्बखाली ठेवा.