दूरची लढाई आणि घरची ज्वारी

वाशीमच्या एखाद्या शाळेंत भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल फिरवून पाहिला, म्हणजे वऱ्हाड आणि अमेरिका हीं जवळजवळ एकमेकांकडे पाठ करून बसलेलीं दिसतात. येथें दिवस असतो तेव्हां तेथें रात्र. इतक्या दूरच्या देशानें कोणाशीं लढावें आणि कोठें सैन्य पाठवावें, ह्याच्याशीं कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर येथील माणसाला काय कर्तव्य, असा प्रश्न सहजच विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे. परंतु इतिहासानें त्याचें उत्तर दोन वेळां देऊन ठेवलें आहे. अमेरिकेची एक लढाई ह्या मुलखांत कापसाच्या भावाच्या रूपानें आली, आणि दुसरी धान्याच्या जहाजांच्या रूपानें. अमेरिकेच्या परराष्ट्रीय धोरणाकडे युद्धविरोधी दृष्टीनें पाहणारे लोक काय म्हणतात हें समजून घ्यावयाचें, तर ह्या दोन प्रसंगांपासून आरंभ करणें सोयीचें होईल.

पहिली लढाई अमेरिकेची घरचीच होती. एप्रिल १८६१ मध्यें तेथील उत्तरेच्या व दक्षिणेच्या संस्थानांत यादवी पेटली आणि अध्यक्ष लिंकन यांनीं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग ह्याच बंदरांतून येत असे. तो अडतांच गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेला होताच. कापसाचा भाव कित्येक पटींनीं चढला. मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि समुद्र हटवून जमीन करूं म्हणणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊं लागले. एप्रिल १८६५ मध्यें लढाई संपली, अमेरिकेचा कापूस पुन्हां जहाजांवर चढण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं, आणि त्याच वर्षीं मुंबईचा तो सारा डोलारा कोसळला. नागपुरापर्यंत रेल्वे पोंचली ती १८६७ सालीं. म्हणजे वऱ्हाडांतून तेजी निघून गेली, आणि आगगाडी तिच्या मागून आली.

गाडी आल्यावर कापसाचा पेरा वाढतच गेला. कारंजा ही कापसाची मोठी पेठ बनली. पुढें मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरूनच गेली, आणि तिचें मुख्य काम कापूस वाहण्याचें होतें. कापसानें कित्येकांचीं घरें बांधलीं हें नाकारतां येत नाहीं. परंतु नगदी पिकाची वाट धरलेलें शेत बाजाराशीं बांधलें जातें, आणि त्या बाजाराची दोरी हजारों कोसांवरच्या हातांत असते. १८९९–१९०० चा दुष्काळ पडला तेव्हां पावसाची ओढ हें त्याचें पहिलें कारण होतें. तथापि ज्याच्या पेवांत जुनी ज्वारी होती त्याचा दुष्काळ निराळा, आणि ज्याला ज्वारीहि विकत घ्यावी लागत होती त्याचा निराळा.

त्याच यादवीच्या काळांतील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कापूस नसल्यामुळें लँकेशायरमधील मजुरांची उपासमार होत होती. नाकेबंदी मोडा, अशी ओरड त्यांनीं केली असती तर नवल नव्हतें. परंतु १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनीं सभा भरवून लिंकन यांना पत्र पाठविलें, आणि गुलामगिरी नष्ट करण्याच्या त्यांच्या कार्याला पाठिंबा दिला. आपल्या भाकरीची किंमत मोजून दुसऱ्या देशाच्या लढाईविषयीं मत देतां येतें, ह्याचें हें उदाहरण आहे. मात्र अशा मताला किंमत पडते, ही त्यांतील मुख्य गोष्ट. पुढें शंभर वर्षांनीं तिचा अनुभव भारतास यावयाचा होता.

अमेरिकेच्या युद्धांना विरोध करणारे पहिले लोक अमेरिकेंतच निपजले, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. १८४६ मध्यें मेक्सिकोवर स्वारी झाली त्या वर्षीं हेन्री डेव्हिड थोरो यांनीं कर न दिल्याबद्दल एक रात्र तुरुंगांत काढली. गुलामगिरी पोसणाऱ्या व परमुलखावर सैन्य नेणाऱ्या सरकारास कर देणें त्यांच्या मनाला पटत नव्हतें. त्यासंबंधींचा त्यांचा निबंध पुढें गांधीजींनीं आदरानें वाचला. त्याच लढाईच्या वेळीं, १८४७ च्या डिसेंबरांत, काँग्रेसचे एक नवे सभासद उठले आणि ज्या जागीं पहिलें रक्त सांडलें ती जागा खरोखर अमेरिकेचीच होती काय, हें अध्यक्षांनीं दाखवावें अशी मागणी त्यांनीं केली. ते सभासद म्हणजेच पुढील काळचे अध्यक्ष लिंकन. १८९८ नंतर फिलिपाइन्स बेटें घेण्यास मार्क ट्वेन यांनीं विरोध केला. जेनेट रँकिन ह्या बाईंनीं १९१७ आणि १९४१ ह्या दोन्ही वेळीं प्रतिनिधिगृहांत युद्धाविरुद्ध मत दिलें. दुसऱ्या वेळीं तर विरोधी मत त्यांचें एकटीचेंच होतें.

ह्या साऱ्यांचे आक्षेप तीन प्रकारचे आहेत. पहिला न्यायाचा: जें स्वातंत्र्य आपणांस प्रिय आहे तें दुसऱ्याकडून शस्त्रानें हिरावून घेणें, किंवा शस्त्रानें त्याच्यावर लादणें, हीं दोन्ही अयोग्य होत. दुसरा अधिकाराचा: अमेरिकेच्या राज्यघटनेनें युद्ध पुकारण्याचा हक्क काँग्रेसला दिलेला आहे, पण १९४१–४२ नंतर विधिपूर्वक युद्ध न पुकारतांच अध्यक्षांनीं कोरिया, व्हिएतनाम, इराक अशा ठिकाणीं फौजा पाठविल्या. कोठें काँग्रेसनें मोघम ठरावानें संमति दिली, कोठें तीहि नव्हती. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठीं १९७३ मध्यें कायदा झाला. तो कितपत पाळला गेला ह्याविषयीं वाद आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. तो करणाऱ्यांत आयुष्य सैन्यांत घालविलेले अध्यक्ष आयझेनहॉवर होते; जानेवारी १९६१ मध्यें अधिकारपद सोडतांना त्यांनीं सेना आणि शस्त्रांचे कारखाने यांच्या जुटीपासून सावध राहण्यास राष्ट्रास सांगितलें. एप्रिल १९६७ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांनींहि, गरिबांच्या वाट्याचा पैसा व्हिएतनाममध्यें जळत आहे, असाच मुद्दा मांडला.

व्हिएतनामचें नांव निघालें म्हणजे दुसरा प्रसंग आला. १९५४ च्या जिनीव्हा परिषदेनंतर तेथील शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचें अध्यक्षपद भारताकडे होतें. त्यामुळें त्या देशाविषयीं बोलण्याचा भारतास कांहीं अधिकार होता. ऑगस्ट १९६४ मध्यें अमेरिकेच्या सिनेटनें अध्यक्ष जॉन्सन यांना तेथें सैन्य वापरण्याची मोकळीक दिली. तेव्हां विरुद्ध मतें पडलीं तीं फक्त दोन. पुढें बाँबवर्षाव सुरू झाला, आणि भारतानें तो थांबविण्यास सांगितलें.

नेमक्या ह्याच काळांत भारताचें कोठार रिकामें होतें. १९५६ पासून 'पी. एल. ४८०' ह्या अमेरिकन कायद्याखालीं गहूं येत असे, आणि त्याचे पैसे रुपयांत देतां येत. १९६५ व १९६६ अशीं दोन वर्षें पाऊस रुसला. १९६६ मध्यें सुमारें एक कोटि टन धान्य परदेशांतून आणावें लागलें. त्यांतलें बहुतेक अमेरिकेचें होतें. जॉन्सन यांनीं एकदम मोठा करार करण्याऐवजीं थोडथोडें धान्य सोडण्याचें धोरण धरलें. भारतानें आपली शेती सुधारावी हा त्यांचा एक हेतु होता आणि तो गैर म्हणतां येत नाहीं. पण व्हिएतनामवरील टीकेचा रोषहि त्यांत होता. १९६५ च्या एप्रिलांत लालबहादुर शास्त्री यांची ठरलेली अमेरिकाभेट त्यांनीं पुढें ढकलली. १९६६ च्या जुलैंत इंदिरा गांधींनीं मॉस्कोंत बाँबवर्षावाविरुद्ध मत दिलें, तेंहि त्यांना झोंबलें. जहाज बंदरास लागलें म्हणजे रेशनच्या दुकानांत धान्य यावयाचें, असे ते दिवस होते.

येथें दुसरी बाजूहि नोंदली पाहिजे. त्या गव्हानें असंख्य जीव वांचले, हें निर्विवाद आहे. जो देतो त्यानें दोन शब्द ऐकवावे, ही जगाची रीतच आहे. साम्यवादाचा प्रसार रोखल्याशिवाय लहान राष्ट्रें टिकणार नाहींत, असें अमेरिकेंतील पुष्कळ प्रामाणिक माणसांना वाटत होतें. शिवाय १९५६ मध्यें सुएझच्या वेळीं भारत जितक्या तत्परतेनें बोलला तितक्या तत्परतेनें हंगेरीविषयीं बोलला नाहीं, हा टीकाकारांचा ठपकाहि खोटा नव्हे. युद्धाचा विरोध करणाऱ्यानें सर्वांना एकच माप लावलें नाहीं, तर त्याच्या शब्दाचें वजन घटतें.

वाशीमच्या सीमेलगत, पुसद तालुक्यांतील गहुली हें वसंतराव नाईक यांचें गांव. १९६५ सालीं मुख्यमंत्री असतां त्यांनीं पुण्यास शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यांत स्वयंपूर्ण न झाल्यास आपणांस फांशी द्यावें, अशा आशयाचे उद्गार काढले. संकरित ज्वारीचें पहिलें वाण नुकतेंच, १९६४ मध्यें, निघालें होतें. त्याचा प्रसार त्यांनीं नेटानें केला. पंजाबांत नव्या गव्हानें तेंच काम केलें. म्हणूनच डिसेंबर १९७१ मध्यें बांगलादेशच्या युद्धांत अमेरिकेचें विमानवाहू जहाज 'एंटरप्राइझ' बंगालच्या उपसागराकडे निघालें, तेव्हां दिल्ली डगमगली नाहीं. कोठार कांहींसें भरलें होतें, हें त्याच्या अनेक कारणांपैकीं एक.

तथापि पुढच्याच वर्षीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला आणि तांबडी मिलो ज्वारी रांगेंत उभें राहून घ्यावी लागली. अमेरिकेंत जें धान्य मुख्यतः गुराढोरांना घालतात, त्याची भाकरी येथें पोराबाळांच्या ताटांत आली. ती भाकरी खाल्लेल्या पिढीला परावलंबन म्हणजे काय, हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

२००३ च्या मार्चांत अमेरिकेनें इराकवर स्वारी केली. एप्रिलांत भारताच्या संसदेनें तिची निंदा करणारा ठराव केला, आणि जुलैंत इराकांत भारतीय सैन्य पाठविण्याची अमेरिकेची विनंति सरकारनें अमान्य केली. त्या वेळीं धान्याचें एकहि जहाज अडण्याची भीति नव्हती. १९६६ चा शब्द आणि २००३ चा शब्द सारखाच होता. बोलणाऱ्याचें पोट मात्र तेंच राहिलें नव्हतें.

आज वाशीम जिल्ह्यांत कापसाची जागा बऱ्याच अंशीं सोयाबीननें घेतली आहे. तेंहि नगदी पीक, आणि त्याचाहि भाव दूरदेशीं ठरतो. २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली तेव्हां खताच्या व गोड्या तेलाच्या किंमती येथेंहि हालल्या. म्हणजे हा प्रश्न एकट्या अमेरिकेचा नाहीं. लढाई कोणाचीहि असो, तिच्या खर्चाचा कांहीं हिस्सा जिचें नांव कधीं वर्तमानपत्रांत येत नाहीं अशा गांवावर पडतो. ज्याला खर्च सोसावा लागतो त्याला हिशेब विचारण्याचाहि हक्क आहे, एवढेंच युद्धविरोधकांचें मूळ म्हणणें. तो हक्क कोणापुढेंहि बजावतां यावा, ह्यासाठीं मात्र घरच्या पेवांत ज्वारी असावी लागते.