आधी टिकायचं, मग विरायचं

अमेरिकेत सिनसिनाटीच्या विद्यापीठात आणि तिथल्या बालरुग्णालयात काही संशोधक एका ठिगळावर काम करत आहेत. पॉलिमरचा एक पातळ पडदा. त्याची सुरळी करून बारीक नळीतून ती गर्भाशयात सोडायची. आतल्या उबेनं पडदा आपला आपण उलगडायला हवा. मग तो बाळाच्या पाठीवरच्या उघड्या मज्जारज्जूवर बसवायचा. त्यानं गर्भजल थोपवून धरायचं आणि खाली बाळाची स्वतःची कातडी धरली की नाहीसं व्हायचं.

गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मज्जानलिका मिटते. दिवस गेल्याचं पुष्कळ बायकांना तोवर कळलेलंही नसतं. ती नलिका पाठीकडे कुठे उघडी राहिली, की मणक्यांच्या फटीतून मज्जारज्जू बाहेर येतो. डॉक्टर याला मायलोमेनिंगोसील म्हणतात. आईनं आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर हा धोका खूप घटतो. ज्यांना असं बाळ आधी झालं होतं, अशा आयांवर झालेल्या आणि 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तो 72 टक्क्यांनी घटला होता. आपल्याकडे मात्र ही गोळी पुष्कळदा हातात पडते ती नलिका मिटण्याचे दिवस उलटून गेल्यावर. याची मनापासून खंत वाटते.

पहिला घाव हा असा बसतो. दुसरा पुढचे कित्येक महिने बसतच राहतो. उघडा मज्जारज्जू गर्भजलात भिजतो, गर्भाशयाच्या भिंतीला घासतो. पाठीतून मेंदूभोवतालचं पाणी गळत राहतं, मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो आणि डोक्यात पाणी साचतं. दुसरा घाव टाळला तर पाय वाचतील का? 1995 मध्ये मार्टिन म्यूली आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर मेंढीत शोधलं. कोकराची निवड अगदी योग्य होती. ते जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहतं, त्यामुळे शस्त्रक्रियेनं पाय वाचले की नाही हे लगेच दिसतं. गर्भातच पाठ झाकलेली कोकरं चालली.

माणसांतला निकाल 2011 साली आला. 'मॉम्स' नावाच्या चाचणीत गर्भातच शस्त्रक्रिया झालेल्या बाळांपैकी 40 टक्क्यांना वर्षभरात शंट, म्हणजे डोक्यात साचलेलं पाणी काढून देणारी नळी, बसवावा लागला, तर जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 82 टक्क्यांना. अडीच वर्षांचं होईतो आधाराशिवाय चालणारी मुलं पहिल्या गटात 42 टक्के होती, दुसऱ्या गटात 21. याची किंमत आईनं मोजली. गर्भाशय उघडल्यामुळे पाचांतल्या जवळजवळ चौघींचं बाळंतपण मुदतीआधी झालं. म्हणून तर आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेकडे सगळ्यांचं लक्ष आहे आणि म्हणूनच नळीतून जाणारं ठिगळ हवं आहे. पाठीवरचा दोष मोठा असला की कातडी पुरत नाही, काहीतरी जोडावंच लागतं. ते विरणारं नसेल, तर जन्मानंतर काढून टाकण्यासाठी त्या एवढ्याशा जिवावर पुन्हा सुरी चालवायची वेळ येऊ शकते.

सिनसिनाटीच्या पडद्यात दोन पॉलिमरांची जोडी आहे. पॉलिलॅक्टिक ॲसिड ताठ आणि ठिसूळ. पॉलिकॅप्रोलॅक्टोन मऊ आणि लवचीक, पण एकटं असलं तर शरीरात दोन-तीन वर्षं रेंगाळणारं. दोन्ही वैद्यकाला जुनी ओळखीची. प्रमाण बदललं की पडद्याचा स्वभाव बदलतो: किती लवकर उलगडेल, किती ताण सोसेल, किती दिवसांत झिजेल.

कस लागतो तो या झिजण्याचा. स्लॅब भरताना लावलेलं सेंट्रिंग काँक्रीट धरेपर्यंत हलता कामा नये. इथे तर ते काढायला माणूसही चढणार नाही, त्यानं स्वतःच उतरायचं आहे. नुसतं खारं पाणी घेऊन ही चाचणी भागत नाही. गर्भजलात विकरं असतात आणि दिवस भरत येतात तसं ते बदलत जातं. 34 आठवड्यांच्या सुमाराला ते मज्जारज्जूच्या पेशींना घातक ठरू लागतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून पडद्याचे तुकडे खऱ्या मानवी गर्भजलात, शरीराच्या तापमानाला आठवडेच्या आठवडे ठेवतात. मधूनमधून बाहेर काढून वजन करतात, रेणूंच्या साखळ्या किती तुटल्या ते मोजतात, पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लॅक्टिक ॲसिड शरीर पचवतं खरं, पण ते एकदम सुटलं तर कोवळ्या मज्जातंतूंशेजारी आम्लता वाढेल. तेव्हा पडदा जिवंत पेशींच्या सान्निध्यात ठेवून त्या जगतात का, वाढतात का, हेही बघावं लागतं.

पुढची पायरी उंदरांची. गाभण मादीला ठरावीक दिवशी रेटिनॉइक ॲसिड दिलं, की पिल्लांत हाच दोष तयार होतो. तो गर्भाच्या वाढीतच घडलेला असतो, म्हणून माणसातल्या आजाराच्या जवळ जातो. पण त्या गर्भाच्या पाठीवर ठिगळ बसवणं म्हणजे हाताची परीक्षा. मेंढीचा गर्भ मोठा, काम सोपं. मात्र तिथला दोष शस्त्रक्रियेनं केलेला असतो. एक प्राणी दुसऱ्याची उणीव भरून काढतो, म्हणून दोन्ही लागतात.

या वाटेवर इतरही आहेत. साओ पावलोत डेनिझ पेद्रेइरा जिवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजचा पडदा दुर्बिणीतून बसवतात. तो माणसाच्या शरीरात विरत नाही, पण मज्जारज्जूला चिकटू नये अशी त्यामागची योजना आहे. ह्यूस्टनमध्ये गोठवून जपलेल्या नाळेचा तुकडा वापरून पाहिला गेला.

चिकटण्याची भीती सगळ्यांनाच आहे. व्रणात मज्जारज्जू अडकला, तर मूल उंच होतं तसा तो ताणला जातो, आणि चालणारे पाय काही वर्षांनी अडखळू लागतात. उंदराच्या पिल्लात हे पुरतं कळत नाही, आठवडाभराच्या कोकरातही नाही. विरणाऱ्या ठिगळाची ही चाचणी ते विरल्यानंतरच सुरू होते, आणि ती मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत चालवावी लागेल.